नदीच्या तळाचं एक पान: शिंपल्यांची नोंद करून घेण्याचा अनुभव

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत आमच्या गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीला, म्हणजे गावातल्या जीवजातींच्या अधिकृत वहीला, एक पुरवणी जोडली गेली. काळू नदीच्या आमच्या पट्ट्यात गोड्या पाण्यातल्या दोन जातींच्या शिंपल्या आहेत, त्या कसल्या तळावर राहतात, कोण त्या गोळा करतं आणि कशामुळे त्या मरतात, एवढं त्यात लिहिलेलं आहे. याला साधारण सव्वा वर्ष लागलं. मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही, सरकारी नोकरीतही नाही. ठाण्यात वर्तकनगरला राहते, एका खासगी कार्यालयात हिशेब बघते. कल्याण तालुक्यातलं हे गाव माझं सासर. आपल्या गावच्या नदीसाठी कुणाला असं काही करावंसं वाटलं, तर कागद कुठून सुरू होतात, कुठे अडतात आणि किती पैसे लागतात हे कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही गावी होतो. भाऊबीजेनंतर एका रात्री नदीच्या उताराजवळ जेसीबी लागला आणि पहाटेपर्यंत रेती-गोट्यांचे ढीग काठावर पडले. सकाळी नणंदेने मला हाक मारली, "वैनी, चल, बघ काय केलंय." ढिगांमध्ये शेकडो शिंपल्या होत्या. काही फुटलेल्या, बऱ्याचशा जिवंत, कवच घट्ट मिटून घेतलेल्या. कातकरी वाडीतल्या दोन-तीन बायका त्या वेचून परत पाण्यात टाकत होत्या. मीही टाकायला लागले. दुपारी पंचनामा झाला. कुणीतरी तक्रार केली होती, त्यामुळे तो झाला हेच विशेष. पण पंचनाम्यात काय लिहिलं? अंदाजे इतकी ब्रास रेती. बस. शिंपल्यांबद्दल काही लिहा म्हटल्यावर लिहिणाऱ्या गृहस्थांनी मला शांतपणे विचारलं, "ताई, कुठल्या कागदावर आहेत त्या?"

प्रश्न चुकीचा नव्हता, आणि तो मला ठाण्यापर्यंत सोडेना. ठाण्याची खाडी माझ्या घरापासून फार लांब नाही. ती २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. खाडीच्या चिखलात काय राहतं यावर अहवाल आहेत, फलक आहेत, सहली आहेत. याचा मला आनंदच आहे. पण खाडीत गोडं पाणी आणून सोडणाऱ्या नद्यांच्या तळाशी जे राहतं, त्याची मला कुठेही एक ओळ सापडली नाही. ठाण्याच्या नळाला येणारं पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांतून उचललेलं असतं. काळू त्याच खोऱ्यातली. या नद्यांचं पाणी तळाशी बसून गाळणारा प्राणी आपल्याला ठाऊकच नसावा, याचं मला फार वाईट वाटलं.

परत आल्यावर रोज रात्री जेवणं उरकली की वाचायला बसायचे. गोड्या पाण्यातली शिंपली एका नळीने पाणी आत घेते, त्यातले शेवाळाचे आणि सेंद्रिय कण कल्ल्यांवर अडकवून खाते आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. एक मोठी शिंपली दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळते. तिच्या पिल्लांची गोष्ट तर मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितली. मादीच्या पोटातून सुटलेली अगदी सूक्ष्म पिल्लं माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात, काही दिवस तिथेच राहतात आणि मग सुटून तळाच्या वाळूत पडतात. मासा नाही मिळाला तर पिल्लू मरतं. म्हणजे नदीत शिंपल्या टिकायच्या तर योग्य जातीचे मासे हवेत, त्यांना वर-खाली फिरायला वाट हवी, आणि पिल्लू पडेल तिथे श्वास घेता येईल अशी मोकळी वाळू हवी. यातली एक गोष्ट तुटली तरी मोठ्या शिंपल्या पुढची कित्येक वर्षं जिवंत दिसत राहतात, नवीन मात्र येत नाहीत. पाहणी करताना हे सतत डोक्यात ठेवावं लागलं.

कायद्याच्या बाजूने शोधताना जैविक विविधता कायदा, २००२ सापडला. त्यातल्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोकांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. मग गावात ती आहे का? असणारच, असं एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील, असं बजावलं होतं. त्या घाईत गावोगाव नोंदवह्या तयार झाल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये ग्रामपंचायतीत साधा अर्ज दिला, "नोंदवही पाहायला मिळावी." उत्तर तोंडी मिळालं, ती तालुक्याला आहे. तालुक्याच्या कार्यालयात विचारलं तर ती गावातच असते. दोन्हीकडची माणसं वाईट वागली नाहीत, खुर्ची दिली, चहा विचारला. पण नोंदवही दिसेना. एक सांगते: कुठलाही अर्ज देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पुढे वर्षभर मला प्रत्येक टेबलावर त्याच क्रमांकांनी उभं राहता आलं.

जानेवारी २०२४ मध्ये माहिती अधिकाराचा अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, त्यामुळे मी फक्त नोंदवहीची प्रत आणि समिती स्थापनेच्या ठरावाची प्रत मागितली. इतर प्रश्न मोहाने घातले असते तर अर्ज परत यायला निमित्त मिळालं असतं. तीस दिवसांची मुदत संपता संपता पत्र आलं, पानाला २ रुपये भरून प्रती घेऊन जा. उत्तर आलं नसतं तर २० रुपयांच्या स्टँपवर पहिलं अपील करायची तयारी मी ठेवली होती.

हातात आलेली नोंदवही वाचून मन खट्टू झालं. भाताच्या जाती, आंब्याची झाडं, गुरं यांची पानं बऱ्यापैकी भरलेली. पाण्यातल्या जिवांच्या प्रपत्रात एका रकान्यात "मासे, खेकडे" आणि पुढच्या रकान्यात "नदी". एवढंच. तरी एका गोष्टीने धीर आला. नोंदवही एकदा लिहून संपत नाही, समितीने ती वेळोवेळी अद्ययावत करायची असते. म्हणजे दार बंद नव्हतं.

आता पाहणी. यात मी एकटी काही करू शकणार नव्हते, आणि करणं बरोबरही नव्हतं. शिंपल्या कुठे आहेत हे वाडीतल्या बायकांना ठाऊक. पाणी उतरलं की त्या कमरेएवढ्या पाण्यात पायाने चाचपत शिंपल्या काढतात, उकडून खातात. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांच्याकडून माहिती घ्यायची, कागदावर आपलं नाव घालायचं आणि निघून यायचं, हे बाहेरच्या माणसांनी आजवर पुष्कळ केलेलं आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. नदीत उतरण्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी द्यायची, शेतावरच्या दराने, म्हणजे तेव्हा माणशी ४०० रुपये. आणि जे लिहिलं जाईल ते आधी त्यांना वाचून दाखवायचं, त्या नको म्हणतील ते लिहायचं नाही.

त्या बैठकीत वाडीतल्या सगळ्यात वयस्कर आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मोठ्या हायत अजून. पन बारक्या नाय दिसत आता." माझ्या अंगावर काटा आला. मी महिनाभर वाचून जे समजून घेतलं होतं ते या बाईंनी नुसत्या पायाच्या स्पर्शाने ओळखलेलं होतं. पाहणीत नेमकं काय बघायचं ते त्या वाक्याने ठरवून दिलं: किती आहेत यापेक्षा किती लहान आहेत.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मी नदीत उतरण्याबद्दल ग्रामपंचायतीला पत्र आधीच देऊन ठेवलं होतं: पाहणी करणार, फोटो काढणार, जिवंत काहीही नेणार नाही, अमुक बायका सोबत असतील. त्याची पोच आणि पोलीस पाटलांना दिलेली प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेहमी जवळ ठेवायचे. नदीकाठी टेप आणि वही घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे रेतीवाले वेगळ्याच नजरेने बघतात. एकदा दुचाकीवरून दोन तरुण आले, कागद मागितले, वाचून निघून गेले. कागद नसता तर काय झालं असतं याचा विचार करायला नको वाटतं. एकट्या-दुकट्या जाऊ नका, विशेषतः संध्याकाळी.

एप्रिल आणि मे हे दोन महिने पाहणीसाठी योग्य. पाणी कमी, तळ दिसतो, उन्हाने पाणी सोसवतं. शनिवार-रविवारी पहाटेची कसारा किंवा आसनगाव लोकल ठाण्याहून पकडायची, टिटवाळ्याला उतरून शेअर रिक्षा. साहित्य थोडंच: पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, तळ कापून पारदर्शक पत्रा चिकटवलेली बादली, प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर, पाण्यातला अमोनिया आणि विरघळलेला प्राणवायू तपासायचं किट. किट अडीच हजारांच्या आसपास पडलं, बाकी सगळं हजाराच्या आत. चौकट तळावर ठेवायची, आतली जागा बोटांनी हळूहळू चाचपायची, वरची चार बोटं वाळू उकरून बघायची, कारण बारक्या शिंपल्या वाळूच्या आत असतात. सापडलेली शिंपली मोजायची, फोटो काढायचा आणि होती तशीच, नळ्यांची बाजू वर ठेवून, वाळूत परत खोचायची. नुसती पाण्यात टाकली तर ती आडवी पडते आणि परत रुतायला तिला शक्ती घालवावी लागते. तापलेल्या दगडावर तर एक मिनिटही ठेवू नये. हे सगळं मी प्राध्यापकांकडून शिकले, आणि बायका माझ्याकडून एका दिवसात शिकून माझ्यापेक्षा चांगलं करू लागल्या.

नदीचे तीन तुकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते. वाडीच्या वरच्या बाजूला पाणी वाहतं आहे, जाडसर वाळू आहे, काठावर करंज आणि उंबर अजून उभे आहेत. तिथे लांबट, काळपट-तपकिरी शिंपल्याही होत्या आणि आखूड, गोलसर, कवचाच्या टोकाला नागमोडी खवल्यांची नक्षी असलेल्याही. आणि बारक्या होत्या! नखाएवढी पहिली शिंपली सापडली तेव्हा आजींनी ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. त्याखाली कोल्हापुरी बंधाऱ्याच्या मागे पाणी साचतं. तळाशी गाळ, काही ठिकाणी गुडघाभर. तिथे लांबट जातीच्या मोठ्या शिंपल्या भरपूर, गोलसर जवळजवळ नाहीत, आणि बारकी एकही नाही. संख्या मोजून कुणी अहवाल दिला असता तर बंधाऱ्यामागचा तुकडा सगळ्यात समृद्ध ठरला असता. तो म्हाताऱ्या माणसांचंच उरलेलं गाव आहे, हे वय पाहिल्यावर कळतं.

तिसरा तुकडा बंधाऱ्याच्या खाली, जिथे वस्त्यांचं सांडपाणी आणणारा नाला नदीला मिळतो. तिथे पाय टाकला की कुरकुर आवाज. सगळी रिकामी कवचं. पण नीट पाहिलं तर बऱ्याच कवचांचे दोन्ही भाग अजून बिजागरीशी जोडलेले होते. कवच जुनं झालं की बिजागरीची चिवट पट्टी तुटते आणि भाग वेगळे होतात. जोडलेली कवचं म्हणजे मरण अलीकडचं. किटने पाणी तपासलं तर त्या जागी अमोनियाचा रंग पट्टीवर सगळ्यात गडद आला. शिंपल्यांची पिल्लं अमोनियाला फार लवकर बळी पडतात, माशांपेक्षाही. त्यात जलपर्णी साचली आणि कुजली की पाण्यातला प्राणवायू खाली येतो, पहाटे तर सगळ्यात जास्त. शिंपली माशासारखी दुसरीकडे पळून जाऊ शकत नाही. त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये मी कुणाशी बोलले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात ५३ महाराष्ट्रातले. त्या यादीत आपल्या उल्हासचा मोहने ते बदलापूर पट्टाही आहे. यादी मी आधी वाचली होती, पण पायाखाली कवचं वाजल्यावर तो आकडा वेगळाच भासला.

नाल्याखालच्या जिवंत उरलेल्या शिंपल्या खाऊ नयेत, हेही तेव्हाच ठरलं. शिंपली पाण्यातले जड धातू आणि जंतू अंगात साठवते. बायकांनी त्या जागेवरून गोळा करणं सोडलं आहे. बाकी त्यांच्या हाताने काढण्यामुळे शिंपल्या संपतील असं कुणी म्हणालं तर मी भांडायला तयार आहे. त्या मोठ्या उचलतात, बारकी परत सोडतात, "त्यात काय मांस असतं?" एका रात्रीत जेसीबी जेवढं नेतो तेवढं त्या किती उन्हाळ्यांत काढतील?

मे महिन्यात एक वेगळी गोष्ट घडली. बाहेरगावचा एक माणूस वाडीत येऊन जिवंत शिंपल्या गोणीने मागू लागला. मोत्यांच्या शेतीसाठी हव्या होत्या. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलं आणि आपल्या याच जाती त्यासाठी वापरतात. धंदा वाईट नाही, पण नदीतून गोणी भरून उचलल्या तर नदीत उरणार काय? बायकांनी त्याला नकार दिला. जैविक विविधता कायद्यातच तरतूद आहे की व्यापारासाठी आपल्या हद्दीतून जैविक साधनं गोळा करणाऱ्याकडून समिती शुल्क आकारू शकते. पण त्यासाठी समिती जागी हवी. नोंदवहीत शिंपल्यांच्या नेमक्या जागा लिहायच्या नाहीत, हे आम्ही त्याच दिवशी ठरवलं. माहिती देणाऱ्याने सांगितलं तर मजकूर गोपनीय ठेवता येतो. या लेखात गावाचं नाव नाही ते याचमुळे.

१ मेची ग्रामसभा आमच्याकडे झालीच नाही, आचारसंहितेचं कारण होतं. आचारसंहिता ६ जूनला उठली आणि पाठोपाठ पाऊस. नदी लाल होऊन दुथडी भरून वाहू लागली. पावसाळ्यात मी जाती ओळखण्याच्या मागे लागले. एका संशोधन संस्थेला फोटो पाठवले, दीड-दोन महिने उत्तर नाही. त्याच वेळी आयनॅचरलिस्ट या जीवजातींच्या नोंदींच्या संकेतस्थळावरही टाकले होते, तिथे आठवड्याभरात एका अभ्यासकाने बिजागरीच्या आतल्या दातांचे फोटो मागितले. ते रिकाम्या कवचांतून काढता आले. म्हणून सांगते, रिकामी कवचं जोडीने जपून ठेवा, आतून-बाहेरून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. प्राध्यापकांनीही कवचं हातात घेऊन पाहिली. लांबट ती लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस आणि गोलसर नक्षीची ती पॅरेसिया कॉरुगाटा. दोन्ही जाती जागतिक लाल यादीत धोक्याच्या वर्गात नाहीत. हे कळल्यावर एका ओळखीच्यांनी मला विचारलं, मग एवढी धडपड कशाला? मला वाटतं, धोक्याच्या यादीत जाईपर्यंत थांबायचं असा काही नियम नाही. आणि जगात पुष्कळ असलेली जात आपल्या नदीतून नाहीशी झाली तर आपल्या नदीचं पाणी ती जगातून येऊन गाळणार नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी विषय जुलैतच लेखी दिला होता. विषयपत्रिकेत आला, पण घरकुल आणि पाणीपट्टीवर इतका वेळ गेला की त्याच्यापर्यंत सभा पोहोचली नाही. निराश झाले, खरंच. नणंद म्हणाली, "महिला ग्रामसभेत मांड आधी." नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे मी सप्टेंबरअखेर बोलले. सुनेने गावात उभं राहून बोलायचं म्हणजे घसा कोरडा पडतोच. पण माझ्या आधी आजी बोलल्या, बसूनच, आणि त्यांच्या दोन मिनिटांनी काम झालं. त्या सभेची शिफारस घेऊन विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दुसऱ्या क्रमांकावर आला.

तिथे समजलं की २०१९ मध्ये नेमलेल्या समितीतले दोन सदस्य हयात नाहीत आणि एक गाव सोडून गेले आहेत. २००४ च्या नियमांप्रमाणे अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे, अशी ती समिती केलेली होती. रिकाम्या जागांवर वाडीतल्या दोन बायकांची नावं ठरावाने घेतली. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा दिवस तोच. तेरा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली आणि समितीची बैठक डिसेंबरवर गेली.

मधल्या काळात पुरवणीचा मजकूर तयार केला. प्रपत्राचे रकाने तेच वापरले: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुठल्या अधिवासात, पूर्वी किती आणि आता किती, उपयोग, धोका, माहिती देणारे. "पूर्वी" या रकान्यात आजींचं आणि आणखी तीन वयस्कर माणसांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. आकडे नव्हते, तर आकडे घातले नाहीत. धोक्यांत रेती उपसा, नाल्याचं सांडपाणी, जलपर्णी, बंधाऱ्यामागचा गाळ आणि उन्हाळ्यात अचानक उतरणारं पाणी ही पाच कारणं. वाडीत मोठ्याने वाचून दाखवलं. दोन वाक्यं त्यांनी काढायला सांगितली, काढली. डिसेंबरच्या बैठकीत समितीने मजकूर तपासला, ग्रामसेवकांनी टंकलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, आणि २६ जानेवारीला ठराव झाला. एक प्रत पंचायत समितीला, एक नागपूरला महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे रजिस्टर पोस्टाने. सगळा खर्च आठ हजारांच्या आसपास आला, त्यातला निम्म्याहून जास्त मजुरीचा. कागदांचा, स्टँपांचा आणि झेरॉक्सचा खर्च पाचशेच्या आत.

पुरवणीचा पहिला उपयोग एप्रिल २०२५ मध्ये झाला. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायची वेळ आली. दरवर्षी ते एका दिवसात सगळे काढतात, पाणी झपाट्याने उतरतं आणि काठाजवळच्या शिंपल्या उघड्या पडून उन्हात मरतात. शिंपली पाण्यामागे सरकू शकते, पण फार हळू. समितीतल्या बायकांनी सरपंचांना पुरवणीतलं पान दाखवून बर्गे टप्प्याटप्प्याने, मध्ये दिवस सोडून काढायला सांगितलं. सरपंचांनी ते मानलं. बर्गे काढायचं काम करणाऱ्या माणसांना जास्तीचे दिवस लागले, त्यांची मजुरी ग्रामपंचायतीने दिली. तरीही काही शिंपल्या वर राहिल्याच. त्या आम्ही ओल्या गोणपाटात घालून वरच्या वाहत्या तुकड्यात नाही, बंधाऱ्याच्याच खोल डोहात हलवल्या, कारण वेगळ्या अधिवासात नेऊन टाकल्या तर जगतीलच असं नाही, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर नोंदवहीची प्रत मागणारा अर्ज दिवाळीच्या सुमारास करा. उत्तर, अपील वगैरे होईपर्यंत उन्हाळा येतो आणि पाणी उतरलेलं मिळतं. निवडणुकीचं वर्ष असेल तर ग्रामसभेच्या चार तारखांपैकी दोन हातच्या गेल्या असं धरून चाला. नाल्याच्या सांडपाण्याचा विषय आम्ही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी समितीच्या लेटरहेडवर दिला आहे, सोबत पाणी तपासणीची नोंद आणि जोडलेल्या कवचांचे फोटो. अर्जाची पोच आली आहे. विषयपत्रिकेत तो पहिल्या तीनात असावा, एवढंच या वेळी सरपंचांकडे आधी जाऊन सांगितलं आहे.